फ्रीजर, रस्सा आणि मधले दोन तास

फ्रीजरमध्ये जंतू मरतात हा गैरसमज आहे. थोडे मरतात, बाकीचे नुसते पडून राहतात. उणे १८ अंशाला त्यांची वाढ थांबते, पण डबा बाहेर काढून रस्सा कोमट झाला की वाढ पुन्हा सुरू होते. म्हणजे आत जाताना डब्यात जे काही होतं, ते जवळजवळ तसंच बाहेर येतं. त्यामुळे गोठवलेलं जेवण पोटाला बाधणार की नाही, हे बहुतेक वेळा फ्रीजरमध्ये ठरतच नाही. ते ठरतं गॅस बंद केल्यापासून अन्न थंडगार होईपर्यंतच्या वेळात. आणि त्या वेळात आपलं पातेलं सहसा झाकण ठेवून ओट्यावर बसलेलं असतं.

नाशिकमध्ये याची गरज वाढत चाललीय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारी घरं आहेत, सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठणारे आणि रात्री परतणारे आहेत, पुण्यात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी रविवारी डबे भरून ठेवणाऱ्या आयाही आहेत. २०२७ च्या सिंहस्थात घरोघरी पाहुणे असतील ते वेगळेच. एकदा रांधून चार दिवस पुरवणं यात आता कुणाला काही वावगं वाटत नाही. सल्ला मात्र अजून दोनच वाक्यांत मिळतो: ‘गरम आहे तोवर फ्रीजमध्ये ठेवू नको’ आणि ‘खाताना चांगलं उकळून घे’. पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं काही जंतूंच्या बाबतीत खरं आहे आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीचं.

५ ते ६० अंश

अन्नात वाढणाऱ्या बहुतेक जंतूंना ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा मानवतो. ६० च्या वर त्यांची वाढ होत नाही, ५ च्या खाली ती फार मंदावते. मधल्या पट्ट्यात, त्यातही ३० ते ४५ अंशांच्या आसपास, एका जंतूचे दोन व्हायला वीसेक मिनिटं पुरतात. हिशोब करून बघा. एका जंतूपासून दोन तासांत ६४ होतात. चार तासांत ४,०९६. सहा तासांत अडीच लाखांच्या वर. पहिल्या दोन तासांत फारसं काही घडलेलं दिसत नाही, आणि नंतरच्या दोन-चार तासांत सगळा खेळ होतो.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यासाठीच. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर अमेरिकेतली अन्नसुरक्षा खाती ही मर्यादा एका तासावर आणतात. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काय होत असेल ते सांगायला नको. रात्रीचं उरलेलं सकाळपर्यंत बाहेर, ही सवय या दिवसांत सोडावीच लागते.

थंडीत उलटा गैरसमज असतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की ‘आता फ्रीज कशाला हवा, बाहेरच गार आहे’ असं म्हणणारे प्रत्येक घरात निघतात. निफाडच्या शिवारातली पहाट आणि सिडकोतल्या फ्लॅटचं दारं-खिडक्या लावलेलं स्वयंपाकघर यांत बराच फरक आहे. ओट्यावर अठरा-वीस अंश असले तरी ते पट्ट्याच्या आतच आले. जंतू जरा सावकाश वाढतील, एवढंच.

पातेलं थंड कसं करायचं

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

गरम पातेलं थेट फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण त्याच्या उष्णतेनं शेजारचं दूध, दही, कालची भाजी सगळंच तापतं आणि कॉम्प्रेसरला दम लागतो. इथवर ठीक. पण यातून लोक अर्थ काढतात की अन्न पूर्ण गार होईपर्यंत बाहेर राहू द्यायचं. पाच लिटरचं रश्शाचं पातेलं झाकण ठेवून सोडलं तर ते हाताला गार लागायला सहज चार-पाच तास जातात. वरून साय धरल्यासारखा थर येतो, कडा गार होतात आणि मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. जंतूंना यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये कुणी काम केलं असेल तर त्याला हे लगेच कळेल. निर्यातीची द्राक्षं पॅक झाली की ती सरळ कोल्ड स्टोरेजला जात नाहीत. आधी प्री-कूलिंगच्या खोलीत जातात. तिथे जोरानं गार हवा फिरवून मालातली शेतातली उष्णता काही तासांत काढून टाकतात, आणि मग तो शून्य-एक अंशाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हलवतात. कोल्ड स्टोरेज गार माल गार ठेवतं. गरम माल झटपट गार करण्याची त्याची ताकद नसते. घरच्या फ्रीजचंही तसंच आहे. उष्णता आधी आपण काढायची, मग राखणीचं काम त्याच्यावर सोपवायचं.

ही उष्णता काढायला फार काही लागत नाही. मोठं पातेलं रिकामं करून अन्न पसरट भांड्यांत ओतायचं, थर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. खिचडी, भात, पुरण, घट्ट उसळ यांत थराची जाडी दुप्पट झाली की आतली उष्णता बाहेर यायला जवळपास चौपट वेळ लागतो, म्हणून जाडीबद्दल एवढा आग्रह. भात कुकरच्या डब्यातून काढून परातीत मोकळा करा. पातळ आमटी किंवा रस्सा असेल तर परातीत किंवा सिंकमध्ये गार पाणी आणि ट्रेभर बर्फ घालून त्यात पातेलं बसवा आणि पळीनं ढवळत राहा. पाणी कोमट झालं की बदला. पंखा लावा. झाकण पूर्ण घट्ट लावू नका, जाळी चालेल. अर्ध्या तासात भांडं हाताला सोसेल इतकं होतं. या टप्प्यावर, किंचित कोमट असतानाच, ते फ्रीजमध्ये ठेवलेलं उत्तम. डबे एकमेकांवर रचू नका, मधून हवा फिरू द्या. चांगले गार झाले की फ्रीजरमध्ये हलवा.

व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी अमेरिकेत यावर एक नियम आहे आणि तो घरीही उपयोगी पडतो: साधारण ५७ अंशांपासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांपर्यंत. पहिला टप्पा घाईचा ठेवलाय, कारण जंतूंची सर्वात वेगवान वाढ त्यातच होते.

उकळून काय मरतं, काय मरत नाही

शिळ्या अन्नामुळे होणारा त्रास एकाच जंतूमुळे होत नाही. आपल्या स्वयंपाकात तीन जंतू मुख्य आहेत आणि तिघांची तऱ्हा वेगळी. ‘उकळून घे’ हा सल्ला कुठे लागू पडतो ते या तिघांवरून कळतं.

पहिला भाताचा. त्याचं नाव बॅसिलस सेरियस. तो मातीत असतो, तांदळाबरोबर घरी येतो आणि बीजाणूंच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे जाड कवचाची झोपलेली अवस्था. भात शिजताना जंतू मरतात, हे बीजाणू टिकू शकतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही प्रकार भातात एक विष सोडतात. हे विष १२१ अंशांना दीड तास तापवलं तरी टिकतं, असं प्रयोगांत दिसलंय. आपला कुकर शिट्टी देताना साधारण १२० अंशांपर्यंतच जातो. म्हणजे एकदा विष तयार झालं की फोडणी, वाफ, मायक्रोवेव्ह, कशानंही ते जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण तो दिवस वाईट जातो.

मग फोडणीचा भात खायचा की नाही? खुशाल खा. कांदा, मोहरी, भरपूर कडीपत्ता घालून सकाळी केलेला फोडणीचा भात सोडून द्या असं सांगणारा लेख कुणी वाचणारही नाही. फक्त तो भात रात्री कुठे झोपला होता ते महत्त्वाचं. जेवणं उरकल्यावर पसरून गार करून फ्रीजमध्ये गेला असेल तर काही हरकत नाही. कुकरमध्ये झाकण लावून रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर तो टाकून द्यावा, मग वास कितीही चांगला असो. कुकर बंद आहे म्हणून बाहेरचं काही आत गेलं नाही हे खरं, पण बीजाणू पहिल्यापासून आतच असतात. ब्रिटनची अन्नसुरक्षा यंत्रणा भाताबाबत जास्त कडक आहे: शक्यतो तासाभरात गार करा, फ्रीजमध्ये ठेवलेला दुसऱ्या दिवशी संपवा. जास्त दिवस हवा असेल तर त्याच वेळी गोठवा.

शिळ्या पोळीचा कुस्करा मात्र बिनधास्त. पोळीत, भाकरीत पाणी कमी असतं, आणि पाण्याशिवाय जंतूंचं फार काही चालत नाही. एका रात्रीत तिला फार तर वातडपणा येतो. दमट पावसाळ्यात दोन-तीन दिवस डब्यात राहिली तर बुरशी येते, ती दिसतेच.

दुसरा जंतू आपल्या हातांवर आणि नाकात राहतो, स्टॅफिलोकोकस ऑरियस. शिजवल्यानंतर ज्या पदार्थाला हात लागतो त्यात हा जातो: चिकनचे तुकडे सोडवताना, पुरण मळताना, सारण भरताना. बोटाला जखम असेल तर हमखास. याचंही विष उकळून जात नाही, आणि त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत सुरू होतो. यावर उपाय सोपा आहे. शिजल्यानंतर हात लावायचाच असेल तर साबणानं धुऊन, कोरडे करून लावायचा. डबे भरायला पळी किंवा डाव वापरायचा.

तिसरा मोठ्या पातेल्यांचा, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. आखाडात मटणाचं मोठं पातेलं चढतं, तेव्हा त्याची आठवण ठेवावी. यालाही बीजाणू असतात आणि ते उकळण्यातून वाचतात. उकळताना रश्श्यातला प्राणवायू निघून जातो, आणि या जंतूला प्राणवायू नकोच असतो, त्यामुळे खोल पातेल्याच्या मध्यात तो खुशीत वाढतो. ४३ ते ४७ अंशांना तर दर दहा मिनिटांना दुप्पट होऊ शकतो. सकाळी केलेलं मटण संध्याकाळपर्यंत चुलीवर कोमट राहतं, तोच हा प्रकार. पण याच्या बाबतीत ‘उकळून घे’ खरोखर कामी येतं. त्याचं विष बहुतांशी आपल्या आतड्यात गेल्यावर तयार होतं, त्यामुळे खाण्याआधी रस्सा खळखळून उकळला तर वाढलेले जंतू मरतात. न उकळता कोमटच वाढला तर पुढच्या दिवसभरात पोटात कळा आणि जुलाब.

वास घेऊन बघण्याबद्दल एक सांगून टाकतो. वरण आंबलं, भाजीला तार आली, उसळीवर फेस आला, हे सगळं अन्न नासवणाऱ्या जंतूंचं काम. आजारी पाडणारे जंतू बरेचदा वेगळे असतात आणि ते वास, रंग, चव यांत काहीही फरक न करता वाढू शकतात. वास आला तर टाका, हे बरोबर. वास नाही म्हणून चांगलं, हे चूक.

फ्रीजर आणि डबे

फ्रीजवर चिकटवलेले तारे विजेच्या खपाचे असतात. पाच तारे म्हणजे वीज कमी खातो, त्यावरून फ्रीजर किती थंड ते कळत नाही. अनेक सिंगल डोअर फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जातच नाही. तिथे बर्फ जमतो, आइस्क्रीम मात्र मऊ राहतं. तुमच्याकडे आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहत नसेल तर त्या कप्प्यात महिनोन्‌महिने जेवण ठेवू नका, एक-दोन आठवड्यांत संपवा. थोडे पैसे खर्चून एक साधा फ्रीज थर्मामीटर आणला तर हा अंदाज बांधावा लागत नाही. खालचा भाग ४-५ अंश, फ्रीजर उणे १८.

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. डबा काठोकाठ भरला तर झाकण उडतं, काचेची बरणी तडकते. वर बोटभर जागा सोडा. घट्ट रस्सा, उसळ, ग्रेव्ही यांच्यासाठी माझं मत पिशव्यांना: जाड झिप पिशवीत एका वेळेपुरतं भरायचं, हवा दाबून काढायची आणि ताटावर आडवी ठेवून गोठवायची. एकदा कडक झाली की पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. पातळ चकती लवकर गोठते, आणि लवकर गोठणं चवीसाठीही चांगलं. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते भाजीच्या पेशी फोडतात, आणि वितळल्यावर सगळं पाणी सुटून गिजका होतो. स्टीलचे डबे फ्रीजरला उत्तम, फक्त मायक्रोवेव्हला चालत नाहीत. आइस्क्रीमचे रिकामे डबे गार अन्नासाठी वापरा, त्यांत गरम काही ओतू नका. आणि त्यांवर नाव लिहा. आइस्क्रीम आहे म्हणून उघडावं आणि आत खोबऱ्याचं वाटण निघावं, हा अनुभव मराठी घरात कुणाला चुकलेला नाही. कागदी चिकटपट्टीवर पदार्थ आणि तारीख, एवढं पुरे.

उणे १८ ला नीट ठेवलेलं अन्न महिनोन्‌महिने धोकादायक होत नाही, चव मात्र उतरते. आमटी, उसळ, चिकनचा रस्सा दोन-तीन महिन्यांत खावा. पांढुरके कोरडे डाग दिसले तर ते बर्फाची थेट वाफ होऊन पडलेले असतात. खाल्लं तर अपाय नाही, लागतं मात्र पुठ्ठ्यासारखं. तेलाचा खवटपणा गोठवल्यानंही पूर्ण थांबत नाही, म्हणून शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भाज्या फार दिवस ठेवू नयेत.

काय गोठवावं यात अनुभव उपयोगी पडतो. मिसळीची मटकीची उसळ आणि कट छान राहतात. राजमा, छोले, कांदा-खोबऱ्याचं वाटण, पुरण, वाफवलेल्या इडल्या, अर्धवट भाजलेल्या पोळ्याही. पोळी किंवा भात फ्रीजमध्ये कडक होतो, कारण शिजलेला स्टार्च शून्याच्या थोड्या वर सर्वात लवकर घट्ट होतो. फ्रीजरमध्ये ही क्रिया जवळपास थांबते, म्हणून पोळ्या चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या तर फ्रीजपेक्षा फ्रीजर बरा. बटाटा रवाळ आणि पाणचट होतो, मिसळीतला बटाटा ऐनवेळी घाला. कढी आणि सोलकढी फाटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. साबुदाण्याची खिचडी, पिठलं, काकडी यांच्या वाटेला जाऊ नका. लसूण आणि लवंग गोठवल्यावर उग्र, किंचित कडवट होतात, तेव्हा मसाला हात राखून घाला आणि गरम करताना वरून चिमूटभर टाका.

थंडीत मटार स्वस्त झाले की सोलून गोठवायचे असतील तर उकळत्या पाण्यात दीड मिनिट घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. दाण्यातली विकरं (एन्झाइम) निष्क्रिय होतात, रंग आणि गोडी टिकते. द्राक्षं नुसती धुऊन, पुसून गोठवा. मे महिन्यात मुलं गोळीसारखी चघळतात. अगदी लहानांना मात्र चिरून द्या, घशात अडकतात.

बाहेर काढताना

गोठलेला डबा सकाळी ओट्यावर काढून ठेवायचा आणि संध्याकाळी गरम करायचा, ही सर्रास दिसणारी पद्धत. आत बर्फ असतो तेव्हा कडेचा भाग केव्हाच खोलीच्या तापमानाला आलेला असतो, आणि दिवसभर तिथे वाढ चालते. त्यापेक्षा आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा आणि पाणी दर अर्ध्या तासानं बदला. त्याहून सोपं म्हणजे वितळवायचं टाळाच. पातळ चकती पाण्याचा हबका मारून मंद आचेवर कढईत टाकली की दहा मिनिटांत सुटते, मग आच वाढवून उकळी आणा. भातही गोठलेला असतानाच, पाणी शिंपडून, झाकण ठेवून थेट वाफवता येतो.

किती गरम? पदार्थाच्या मध्यात ७५ अंश. पातळ पदार्थाला कडेनं बुडबुडे आले म्हणून थांबू नका, तो मधोमध खळखळला पाहिजे. भात, खिचडी, सुकी भाजी यांच्या मध्यातून वाफ निघाली पाहिजे, चमचा मध्यात खुपसून बघितला तर चटका बसला पाहिजे.

मायक्रोवेव्ह इथे फसवतो. त्याच्या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, पुढची उष्णता हळूहळू आत झिरपते. शिवाय त्या पाण्यात चांगल्या शोषल्या जातात आणि बर्फात फार कमी. त्यामुळे जिथे आधी वितळलं तिथे ते भराभर तापतं आणि शेजारी बर्फाचा खडा तसाच राहतो. एकाच वाटीत जीभ भाजणारा घास आणि गारढोण घास मिळतो तो असा. म्हणून आधी डीफ्रॉस्टवर, मग मध्ये थांबून ढवळायचं, पुन्हा लावायचं, आणि शेवटी झाकून दोन मिनिटं तसंच ठेवायचं. पसरट भांड्यात मधला भाग रिकामा ठेवून कडेनं मांडलं तर आणखी सारखं तापतं. फ्रीजरमधली काचेची भांडी लगेच तापवू नका.

एकदा गरम केलेलं उरलं तर ते पुन्हा फ्रीजरमध्ये घालू नये, हा नियम मी पाळतो. शास्त्र इतकं कडक नाही. फ्रीजमध्येच वितळलेलं, गारच असलेलं अन्न पुन्हा गोठवता येतं, फक्त चव आणखी बिघडते. पण प्रत्येक फेरीत अन्न त्या ५ ते ६० च्या पट्ट्यातून दोनदा जातं, आणि घाईच्या घरात वेळेचा हिशोब कुणी ठेवत नाही. लहान पिशव्या भरल्या की हा प्रश्नच येत नाही. फ्रीजमधलं उरलेलं तीन-चार दिवसांत संपवावं. घरात गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर ते गारच खाणं टाळावं, कारण लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि यांनाच तो जास्त भोवतो.

वीज गेली तर, आणि पुण्याची बस

पावसाळ्यात वीज गेली किंवा दुरुस्तीसाठी दिवसभर बंद असली तर पहिला नियम: दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला, वेगळ्या दाराचा फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. सिंगल डोअरमधल्या छोट्या कप्प्यावर एवढी भिस्त ठेवू नका. फ्रीजरमध्ये जागा रिकामी असेल तर तिथे पाऊण भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवून द्या. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाला गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं, आणि ते खाऊ नये.

नाशिक ते पुणे साधारण २१० किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणच्या कोंडीत अडकली तर बसला सहा तास सहज लागतात. डबे पाठवायचे असतील तर ते आदल्या दिवशी दगडासारखे गोठलेले हवेत. थर्माकोलच्या खोक्यात ते एकमेकांना चिकटून भरा, मोकळ्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या खोचा, खोक्याला बाहेरून वर्तमानपत्र आणि चादर गुंडाळा. अन्नाला थेट वर्तमानपत्र नको. शाई पोटात जाते, आणि एफएसएसएआय या आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनंही त्याविरुद्ध बजावलंय. पोळ्या-भाकऱ्या वेगळ्या पिशवीत, त्यांना थंडीची गरज नाही.

पुण्यात खोकं उघडल्यावर मुलानं काय करायचं तेही फोनवर सांगून ठेवा. आत बर्फाचे कण अजून असतील तर पिशव्या तशाच फ्रीजरमध्ये. वितळलंय पण फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीइतकं गार आहे, तर फ्रीजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवायचं. कोमट लागलं तर टाकायचं, आईनं कितीही मेहनतीनं केलेलं असलं तरी. आणि मिसळीबरोबर फरसाण पाठवायचा मोह होतो, पण ते पुण्यात मिळतं. खोक्यातली ती जागा बर्फाच्या बाटलीला द्या.